कृष्णाकांठचा एकांत

महाबळेश्वराच्या डोंगरांतून उतरलेली कृष्णा वाईस पोहोंचेपर्यंत बरीच शांत झालेली असते. उन्हाळ्यांतील एखाद्या सकाळीं घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसलें, तर आपण नदीकांठीं आहों कीं तळ्याकांठीं, असा क्षणभर संभ्रम पडावा. या क्षेत्रास दक्षिणकाशी म्हणतात, आणि त्या नांवासरशीं परगांवच्या यात्रेकरूच्या डोळ्यांपुढें देवळें उभीं राहतात. परंतु गांवांत नित्य राहणारास वाई म्हणजे मुख्यतः घाट. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा या गांवच्या आळ्या. प्रत्येकीस आपल्या घाटाचा अभिमान आणि प्रत्येकीचा कृष्णाबाईचा उत्सव निराळा. सकाळीं या पायऱ्यांवर धुणीं आपटलीं जातात, कोठें श्राद्धाचा संकल्प चाललेला असतो, कोठें पोरें उड्या टाकीत असतात, आणि या सर्वांकडे पाठ करून एखादा वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र वाचीत बसलेला असतो.

गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचें देऊळ आहे. तें गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधलें. एवढी थोरली पाषाणमूर्ति पाहून पाहुणे मंडळी थक्क होतात. आम्ही मात्र आमच्या विद्यार्थ्यांस आधीं देवळाच्या मागल्या बाजूस नेत असूं. तेथील भिंत सपाट नाहीं. ती माशाच्या आकाराची, टोंकाकडे निमुळती केलेली आहे. पावसाळ्यांत पूर आला म्हणजे पाण्याचा लोंढा तिच्यावर येऊन दुभंगतो आणि दोहों अंगांनीं निघून जातो. पूर थांबवितां येत नाहीं, परंतु त्यास वाट करून देतां येते, एवढें त्या गवंड्यास कळत होतें.

या गांवास विद्येची परंपराहि मोठी. केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा येथली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचें आयुष्य येथें गेलें. आणि ज्याचा पहिला खंड १९७६ सालीं बाहेर पडला त्या मराठी विश्वकोशाचें कामहि येथेंच झालें. अशा गांवीं संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरास एकटें राहणें जड जाऊं नये, अशी आमची समजूत होती. आम्ही मधल्या आळींत एका जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांत राहतों. शाळा सुटून आठ वर्षें झालीं. कुटुंब निवर्तलें त्यास सहा. मुलगी पुण्यास आपल्या संसारांत आहे. आठवड्यांतून दोनदां तिचा फोन येतो, आणि आम्ही तिला महिन्यास एक पत्र लिहितों. फोनवर बोललेलें राहत नाहीं, पत्र राहतें, असें आम्ही तिला नेहमीं सांगत आलों. त्या पत्रांचा उपयोग कोणत्या कामीं व्हावयाचा होता, तें पुढें येईलच.

आमचा दिनक्रम सांगण्यासारखा नाहीं, तरी सांगतों. पहाटे उठून चहा, घाटावर एक फेरी, स्नान, देवपूजा. मग दोन तास वाचन. दुपारीं डबा येतो. संध्याकाळीं पुन्हां घाट, आणि दिवेलागणीनंतर रेडिओ. पूर्वीं यांत माणसें पुष्कळ होतीं. मे महिन्यांत वसंतव्याख्यानमाला भरली म्हणजे आमची जागा तिसऱ्या रांगेंत ठरलेली असे, आणि व्याख्यान संपल्यावर त्याचें खंडनमंडन रस्त्यांत दहा वाजेपर्यंत चाले. तें हळूहळू बंद पडलें. एका वर्षीं दोनच व्याख्यानें ऐकलीं. पुढल्या वर्षीं एकहि नाहीं. वानप्रस्थाचें वय झालें, वृत्ति आपोआप मिटत चालली, असा त्याचा अर्थ आम्हीं लावला, आणि ऐकणारांनाहि तो पटला.

याच काळांत कांहीं किरकोळ गोष्टी घडत होत्या. फाल्गुनाच्या सुमारास वाईच्या आसपास हळद शिजूं लागते, आणि तिचा तो उग्र, ओलसर वास गांवच्या वेशीपर्यंत येतो. एका वर्षीं तो आलाच नाहीं. शेजारच्या काकूंना विचारलें, तर त्या म्हणाल्या, "अहो, कालपासून डोकें उठलंय त्या वासानं!" सर्दीमुळें असेल, असें ठरलें. मग उजवा खांदा धरला. त्यासाठीं तेल, शेक, व्यायाम असे उपाय हाडांच्या दवाखान्यांत दीड वर्ष चालले. चालतांना उजवा हात हालेनासा झाला. तो अंगाशीं तसाच धरलेला राही. आमचा एक जुना विद्यार्थी थट्टेनें म्हणाला, "सर, अजून हातांत छडी आहे असं वाटतं!" आवाज बसला, तो चाळीस वर्षांच्या ओरडण्याचा परिणाम मानला गेला. सदऱ्याचीं बटणें लावण्यास वेळ लागूं लागला, तें वय. झोपेंत आम्ही हातपाय झाडतों, ओरडतों, असें वाड्यांतील मंडळी सांगत, तीं स्वप्नें. आणि आमचा चेहरा! वाण्याच्या दुकानीं उभे राहिलों असतां तो बिचारा एकदां हात जोडून म्हणाला, "सर, आमचं कांहीं चुकलं का? हल्लीं आपण हंसत नाहीं." आम्ही तर मनांत प्रसन्न होतों. परंतु मनांतली प्रसन्नता तोंडापर्यंत पोहोंचत नव्हती, आणि जो हंसत नाहीं त्याच्याकडे लोक पूर्वींसारखे येत नाहींत.

यांतील प्रत्येक गोष्टीस एकेक वेगळें, समाधानकारक कारण होतें. सर्वांना मिळून एकच कारण असेल, असें सुचण्यास जें चिन्ह हवें तें नव्हतें. आमचा हात कधीं कांपला नाहीं. कंपाशिवाय कंपवात असूं शकतो, हें सामान्य माणसास कोठून ठाऊक असावें?

गेल्या वर्षीं दिवाळीस मुलगी आली ती एक पाकीट घेऊनच. त्यांत आमचीं पत्रें होतीं. तिनें तीं तारखेवार चटईवर मांडलीं आणि म्हणाली, "नाना, हें पांच वर्षांपूर्वीचं पत्र आणि हें परवाचं. पूर्वीं एका पानांत वीस ओळी मावत, आतां पस्तीस मावतात. आणि ओळीची सुरुवात बघा, शेवट बघा. शेवटीं मुंग्या चालल्यासारखं होतं. हें वयानं होत नाहीं, नाना. आपण पुण्याला दाखवूं या." ज्यांचें अक्षर चाळीस वर्षें शेवटच्या बांकावरील मुलास वाचतां आलें, त्यांच्या अक्षराची ती रांग पाहून आम्ही कांहीं बोललों नाहीं, चार दिवसांनीं तिच्याबरोबर पुण्यास गेलों.

तेथील मज्जातंतुरोगांच्या तज्ज्ञांनीं प्रथम कोणतेंहि यंत्र लावलें नाहीं. त्यांनीं आम्हांस अंगठ्यावर तर्जनी भराभर टेंकवावयास सांगितलें, मूठ उघडून मिटावयास सांगितलें, मनगट धरून कोपर हालवून पाहिलें, बाहेरच्या सोप्यांत चालावयास लाविलें, आणि एक कागद पुढें केला. आम्हीं सवयीनें 'श्रीगणेशाय नमः' लिहिलें. 'श्री' सुपारीएवढी उतरली आणि 'मः' मोहरीएवढा. मग त्यांनीं दोन प्रश्न विचारले : "वास येतो का?" आणि "झोपेंत हातपाय झाडतां का?" खांद्यासाठीं गेलेल्या कोणा माणसास हे प्रश्न कोण विचारणार! उत्तरें ऐकून ते शांतपणें म्हणाले, "हा कंपवात आहे. इंग्रजींत याला पार्किन्सन म्हणतात. पांच वर्षें तरी तो तुमच्याबरोबर असावा."

त्या क्षणीं आमच्या मनांत पहिल्यानें आलें तें दुःख नव्हे. व्याकरण शिकणाऱ्या मुलास निरनिराळीं, एकमेकांशीं कांहींच संबंध नसलेलीं वाटणारीं दहा रूपें एकाच धातूचीं आहेत असें उमगलें म्हणजे जें वाटतें, तें आम्हांस वाटलें. हळदीचा वास, खांदा, बटणें, स्वप्नें, अक्षर, वाण्याचा प्रश्न, हीं सगळीं एकाच धातूचीं रूपें होतीं. दुःख नंतर आलें. गाडींत, खंबाटकीचा घाट चढतांना. डॉक्टरांनीं कांहीं लपविलें नव्हतें. हा रोग समूळ जात नाहीं, हळूहळू वाढत जातो. औषधानें त्याचा जाच कमी होतो, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें होतें.

घरीं आल्यावर आम्हीं आमच्या स्वभावाप्रमाणें या रोगाचा अभ्यास मांडला. चरकसंहितेंत वातविकारांच्या गणनेंत 'वेपथु' आहेच. पाश्चात्य वैद्यकांत या रोगाचें व्यवस्थित वर्णन प्रथम लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं एका छोट्या निबंधांत केलें. त्यांत सहाच रुग्ण आहेत, आणि त्यांतील दोघे तर त्यांना रस्त्यांत भेटलेले; एकास त्यांनीं नुसतें दुरून पाहिलें होतें. म्हणजे या रोगाची पहिली ओळख रस्त्यानें जाणाऱ्या माणसाच्या चालीवरून पटली. मेंदूच्या मध्यभागीं एक काळसर पट्टा असतो. त्याच्या लॅटिन नांवाचा अर्थहि 'काळा पदार्थ' असाच आहे. त्यांतील पेशी डोपामीन नांवाचें द्रव्य तयार करतात, आणि त्याच्या योगानें शरीराच्या हालचाली सुरळीत चालतात. या पेशी झडूं लागल्या तरी पुष्कळ काळ कांहीं दिसत नाहीं. हालचालींवर परिणाम दिसूं लागतो तेव्हां त्या द्रव्याचा अर्ध्याहून अधिक भाग नाहींसा झालेला असतो. निदान उशीरा होतें याचें एक कारण हें आहे.

औषधाची कथा आम्हांस विशेष वाटली. आपल्याकडील सर्पगंधेपासून काढलेलें रेसर्पिन हें द्रव्य स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनीं १९५७ सालीं सशांना दिलें. ससे निश्चल होऊन पडले. मग त्यांना डोपामीनचें पूर्वद्रव्य लेव्होडोपा टोंचलें, तों थोड्याच वेळांत ते पुन्हां हिंडूं लागले. या संशोधनासाठीं कार्लसन यांना २००० सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. १९६७ सालीं जॉर्ज कोटझियास यांनीं हेंच लेव्होडोपा तोंडावाटें, हळूहळू मात्रा वाढवीत देऊन रुग्णांस गुण येतो असें दाखविलें, आणि आजहि तेंच मुख्य औषध आहे. तें आपल्या रानांतील खाजकुयलीच्या बियांत असतें. खाजकुयलीस संस्कृतांत कपिकच्छू म्हणतात आणि दुसरें नांव आत्मगुप्ता : जिनें आपलें रक्षण आपणच केलें आहे ती, किंवा जी आपल्या ठायींच लपली आहे ती. दोन्ही अर्थ बरोबर. मात्र या बिया आणून कोणी घरीं कुटूं नयेत. त्यांत औषधाचें प्रमाण किती हें बी पाहून कळत नाहीं, आणि चालू गोळ्यांत त्यांची भर पडली तर अपाय होतो. आमच्या डॉक्टरांनीं हें बजावून सांगितलें आहे.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळूं. डॉक्टरांनीं जातां जातां एक वाक्य उच्चारलें होतें : "उत्साह नाहींसा होणं, माणसांत जावंसं न वाटणं, हेंहि पुष्कळदां या आजाराचंच अंग असतं." त्या वाक्यानें आमची झोंप उडविली. हात आंखडला, अक्षर बारीक झालें, तें रोगाचें असेल. हात आणि अक्षर कांहीं आम्ही नव्हे. परंतु ज्या निवृत्तीस आम्ही आपल्या वाचनाचें आणि वयाचें फळ समजत होतों, तीहि त्या काळ्या पट्ट्यांतील उणीवच असेल, तर आमचें म्हणून काय उरलें? गीता शिकविण्यांत जन्म गेलेल्या माणसास हा प्रश्न खांद्याच्या दुखण्याहून अधिक लागतो.

त्याचें उत्तर कोणत्याहि ग्रंथांत शोधावें लागलें नाहीं. तें औषधानें दिलें. गोळ्या सुरू होऊन सहा-सात आठवडे झाले. प्रथम बटणें सोपीं झालीं. मग एके दिवशीं वाण्यानें उधारीची वही मिटून आमच्याकडे पाहिलें आणि तोच हंसला. त्यावरून आम्हीं ओळखलें कीं आपण हंसलों असलों पाहिजे. या मे महिन्यांत वसंतव्याख्यानमालेस जावेंसें वाटलें, आणि गेलों. तिसऱ्या रांगेंतील जागा दुसऱ्या कोणाची झाली होती, पांचवींत बसलों. रस्त्यांतील वादहि पुन्हां ऐकला, अर्धा तास. पण साडेआठ वाजतां आपण होऊन उठावेंसें वाटलें, आणि घाटावर एकटेच जाऊन बसलों. तें बसणें पूर्वींसारखेंच गोड लागलें. संस्कृतांत एकाकी आणि एकांत हे दोन शब्द निराळे आहेत. जें गोळीनें गेलें तें एकाकीपण रोगाचें होतें. जो गोळीनंतरहि राहिला तो एकांत आमचा आहे. इतका स्वच्छ हिशेब प्रत्येकास मिळतोच असें नाहीं.

सर्वच परत आलें असें मात्र कोणी समजूं नये. हळदीचा वास आला नाहीं; घ्राणशक्ति या औषधानें परतत नाहीं. कुटुंबाच्या पेटींतील लुगड्यांना वाळ्याचा वास असे; आतां पेटी उघडली तरी लुगडीं तेवढीं दिसतात. गोळीचा अंमल कांहीं तासच टिकतो, म्हणून दिवसाचे चार भाग पडले आहेत आणि घड्याळ पुन्हां शाळेच्या घंटेसारखें झालें आहे. गोळी जेवणाच्या बऱ्याच आधीं घ्यावी लागते, कारण वरणांतील आणि दह्यांतील प्रथिनें तिच्या वाटेंत आडवीं येतात. अंमल उतरतांना कधीं कधीं आमचे पाय खोलीच्या उंबरठ्याशीं जमिनीस चिकटल्यासारखे होतात. पुढें जावें असें मन म्हणतें आणि पाय ऐकत नाहींत.

येथेंच घाटानें आम्हांस मदत केली. उंबरठ्याशीं अडणारे हे पाय मधल्या आळीच्या घाटावर अडत नाहींत. सपाट फरशीवर फरफटणारें पाऊल पायरी दिसतांच नीट उचलतें. हा चमत्कार नव्हे. डोळ्यांपुढें ठराविक अंतरावर आडवी खूण असली म्हणजे मेंदू चालण्याची दुसरी वाट धरतो, आणि वैद्यकास ही गोष्ट ठाऊक आहे. व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनीं तें सांगितल्यावर आम्हीं घरांतील फरशीवर, उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे, पावलापावलाच्या अंतरानें खडूच्या रेघा ओढल्या. खडू घरांत होताच. तालाचाहि असाच उपयोग होतो. म्हणून आम्ही अनुष्टुभाच्या एका चरणास चार पावलें या हिशेबानें, मोठ्यानें म्हणत चालतों. त्यानें आवाजासहि व्यायाम होतो. नदीवर धुणें धुणाऱ्या बायांना प्रथम हें विचित्र वाटलें. आतां त्या वाट देतात. मात्र ओल्या आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवर आम्ही जात नाहीं, आणि उतरतांना कठड्याची बाजू सोडीत नाहीं.

परवां दुसऱ्या गोळीनंतर रिक्षा करून मेणवलीस जाऊन आलों. वाईपासून हें गांव एक कोसभर. नाना फडणिसांचा वाडा तेथें नदीकांठीं आहे. पूर्वीं आम्ही सकाळीं चालत जाऊन जेवावयास परत येत असूं. वाड्यामागील घाटावर मेणेश्वराच्या आवारांत एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई घेतली त्यानंतर अशा कित्येक घंटा देशावर आल्या, त्यांतली ती एक. परक्या देवळासाठीं ओतलेली ती घंटा आतां कृष्णेकांठीं इतकी रुळली आहे कीं ती मूळची येथलीच वाटावी. आम्हीं पायऱ्या मोजल्या, चढलों, घंटेखालीं थोडा वेळ बसलों आणि परतलों. एवढ्यानें दिवस भरला.

ज्यांच्या घरांत साठीपुढचें माणूस आहे, त्यांस आमची विनंति आहे. त्याच्या हाताच्या कंपाची वाट पाहत बसूं नका. जुन्या वह्या, पत्रें, किराण्याच्या याद्या काढून अक्षर ताडून पहा. चालतांना दोन्ही हात सारखे हालतात का, फोडणीचा वास त्यास कळतो का, झोपेंत तें झगडतें का, आणि हंसणारा चेहरा हल्लीं नुसता पाहत राहतो का, इकडे लक्ष द्या. आणि एखादें माणूस एकटें राहूं लागलें तर तें विरक्त झालें, तुसडें झालें किंवा म्हातारें झालें, असा निकाल देण्यापूर्वीं एकदां त्यास चांगल्या वैद्यास दाखवा. एकांत खरा असेल तर तो वैद्यास भिणार नाहीं.

हा लेख आम्हीं रुंद रेघांच्या कागदावर लिहिला आहे. रेघांमुळें अक्षर आवरत नाहीं. एका पानास एक तास लागला. मुलीनें हस्तलिखित पाहिलें, पट्टी लावून पाहिली, आणि शेवटची ओळ पहिलीएवढीच मोठी आहे असें सांगितलें.